थोपटणीचं बारसं

आश्विनात आमचा कातळ रंग बदलतो. श्रावण-भाद्रपदात सड्यावर, म्हणजे या उघड्या पठारावर, जी इवली जांभळी फुलं होती ती कधी गेली ते कळतही नाही. एक दिवस शाळेत जाताना बघावं तर गवत पिवळं झालेलं असतं आणि खालच्या मळ्यांतून कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास रस्त्यापर्यंत चढून आलेला असतो. ऊन इतकं कडक की हेल्मेटच्या काचेआडही डोळे बारीक करावे लागतात. याच दिवसांत रत्नागिरीतल्या शोरूमच्या दारांना झेंडूची तोरणं लागतात आणि नव्या मोटारसायकली येतात. शाळेत सहामाहीचे पेपर चालू असतात. एका हातात लाल पेन आणि दुसऱ्या हातात फोन, असा माझा आश्विन जातो. कारण हा आमच्या बारशांचा महिना.

मी विज्ञान शिकवते, माध्यमिक शाळेत. शाळा गावाबाहेर आहे आणि एसटीच्या वेळा काही शाळेच्या वेळा बघून ठरलेल्या नाहीत, म्हणून मी फटफटी घेतली. सुरुवातीला लोक वळून बघायचे, आता मलाच वळून बघायला वेळ नसतो. पावसाळ्यात साखळीला गंज चढायला लागला तेव्हा काय करावं हे विचारायला कोणी नव्हतं. म्हणून इंटरनेटवर एक जागा सुरू केली आणि तिला नाव दिलं 'फटफटी मंडळ'. पहिलं उत्तर आलं चिपळूणजवळच्या अलोऱ्याहून. लिहिणारा दीपक शिवगण, वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला आणि तिथल्याच वीजघरात नोकरीला लागलेला. यंत्रं सोडून दुसऱ्या कशावर तो फारसं बोलत नाही. साखळी कशी पुसावी, कोणतं तेल किती लावावं, हे त्याने इतकं तपशिलात लिहिलं होतं की मी ते कागदावर उतरवून न्हाणीघराच्या दाराला चिकटवलं. पुढे मंडळ आम्ही दोघांनी मिळून सांभाळलं. नवे सभासद घ्यायचे, एकच प्रश्न पाच जणांनी विचारला की पाचही एकत्र करायचे, आणि तेलावरून भांडण लागलं की दोन्ही पक्षांना एक दिवस गप्प बसवायचं. वर्गावर असते तशीच मी तिथे असे. तिथेही मला सगळे 'बाई'च म्हणू लागले.

बारशांची कल्पना कोणाची ते आता आठवत नाही. कंपन्या नव्या इंजिनांना जी नावं देतात ती नावं नसतातच, दोन अक्षरं आणि तीन आकडे असतात. त्यामुळे दर आश्विनात जी नवी इंजिनं येतील त्यांना मंडळाने मराठी नाव द्यायचं आणि दसऱ्याला गाडीला हार पडायच्या आत ते ठरवायचं, असं सुरू झालं. एका जाडजूड, सावकाश ठोकणाऱ्या इंजिनाचं नाव पडलं 'उखळ'. एक छोटं, अखंड कुरकुरणारं, पण कधीही बंद न पडणारं होतं, ते 'आतेबाई'. एक ताशी साठच्या वर गेलं की दोन्ही तळहात बधिर करायचं, ते 'मुंग्या'. ही नावं मंडळातच राहतील असं वाटलं होतं. पण एकदा बाजारात मेकॅनिककडे उभी होते, तेव्हा माझ्यापुढच्या अनोळखी माणसाने विचारलं, "आतेबाईचा क्लच मिळेल का?" मेकॅनिकने मान वर न करता सांगितलं, "उद्या." मला शहारा आला होता. आपण उच्चारलेला शब्द आपल्याला न विचारता जगात चालता झाला होता.

बारशाला नियम एकच होता. तो दीपकने सुचवला आणि मी सगळ्यांत वर चिकटवून ठेवला: ऐकल्याशिवाय नाव नाही. नुसता फोटो बघून नावं सुचवणारे फार झाले होते.

नावं सुचवणाऱ्यांत एक सभासद होता 'खोलातला'. खरं नाव त्याने कधी लिहिलं नाही. पावसला राहतो, जहाजावर होता, एवढंच माहीत. गाडी कोणाची का असेना, तो कुठल्या तरी शोरूममध्ये नाहीतर गॅरेजमध्ये ती गाठायचा आणि मग चार ओळी लिहायचा. त्या ओळींसाठी लोक थांबून राहायचे. एका इंजिनाबद्दल त्याने लिहिलं होतं: "थंड असताना याच्या अंगावर काटे असतात. दोन मिनिटं थांबा, एकेक काटा आत जातो. तिसऱ्या मिनिटाला मांजराची पाठ होते." दुसऱ्या एकाबद्दल: "वेग वाढेल तसे याचे दाणे बारीक होतात. आधी तांदूळ, मग रवा, मग पीठ. पिठाशी थांबा. त्यापुढे ते स्वतःलाच दळतं." त्याचं नाव त्याने सुचवलं 'जातं', आणि मतदान घेण्याची गरजच पडली नाही.

मी आवाजाचा धडा दरवर्षी शिकवते. पण आवाजाबद्दल असं लिहिणारा माणूस मी कधी वाचला नव्हता.

त्या वर्षी दीपकने नवी गाडी घेतली. एकच मोठा सिलिंडर, नवंकोरं इंजिन, जिल्ह्यात पहिलंच. त्याने लगेच आवाज रेकॉर्ड करून मंडळावर टाकला आणि नावांचा पाऊस पडला. 'ढोल' सगळ्यांत पुढे होतं. खोलातल्याची ओळ मात्र येईना. मी मुद्दाम विचारलं, तेव्हा उत्तर आलं: "रेकॉर्डिंगवरून मला सांगता येत नाही. गाडी समोर हवी. रविवारी पावसला माझ्याकडे या, सगळेच या. घरी घावणे करायला सांगतो."

तीन वर्षांत त्याने पहिल्यांदाच कोणाला घरी बोलावलं होतं. आम्ही सात गाड्या निघालो. दीपक तर अलोऱ्याहून भल्या पहाटे निघून चिपळूणमार्गे आला होता. भाट्याची खाडी ओलांडली, एका बाजूला समुद्र चमकत होता, दुसऱ्या बाजूला कलमांच्या बागा, आणि सातही जणांच्या मनात एकच उत्सुकता होती की हा माणूस दिसतो कसा.

चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं खळं. खळ्यात एक साठी उलटलेला, काटक माणूस अनवाणी उभा होता. आमच्याकडे पाठ होती, पण गाड्या कुंपणाच्या बेड्याजवळ आल्या तसा तो झटकन वळला आणि हसत पुढे आला. आम्ही इंजिनं बंद केली. खोलातला म्हणजे हेच मयेकर काका. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, मग पाणी आणायला पडवीकडे निघाले. मी मागून म्हटलं, "काका, राहू दे, आम्ही घेतो." ते चालत राहिले. मी पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने मारली.

घावण्यांचं उलथनं हातात घेऊनच काकू दारात आल्या. "अगो बाय, मागून हाका मारून काय उपयोग? त्यांना ऐकायला येत नाही. समोर जाऊन बोल, ओठ बघतात ते."

सात गाड्यांची तापलेली इंजिनं टकटक करत थंड होत होती, तेवढाच काय तो आवाज.

"अजिबात नाही?" दीपकने विचारलं.

"अजिबात. बारा वर्षं झाली."

काका तांब्या घेऊन बाहेर आले आणि आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. दीपक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. तो रागीट माणूस नाही, पण यंत्राच्या बाबतीत कोणी फसवलं की त्याला सहन होत नाही. "तीन वर्षं तुम्ही आम्हाला आवाज शिकवलात," तो एकेक शब्द तोडत म्हणाला. "आम्ही तुमचं वाचून कान लावून बसायचो. तुम्ही कधी ऐकलाच नव्हता?"

काकांचा आवाज मोठा आणि एकाच पट्टीतला होता. "आवाज मी कधी सांगितला रे तुला? मी इंजिन सांगितलं. चालू कर."

दीपक हलला नाही. मग मीच त्याच्या गाडीची किल्ली फिरवली.

काका गाडीजवळ उकिडवे बसले. त्यांनी उजवा तळहात इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर, तापलेल्या भागापासून जेमतेम दोन बोटं दूर, अलगद टेकवला. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आत कोणीतरी काही सांगत असावं आणि हा माणूस त्याला मध्ये न तोडता ऐकत असावा, तसा तो चेहरा होता. मग त्यांनी हात सरकवला, टाकीखालच्या सांगाड्याच्या नळीवर, तिथून खाली, पुन्हा वर. कपाळावर आठी आली. डोळे उघडून त्यांनी दीपकला हाताने बोलावलं.

"इंजिन निरोगी आहे. पण पुढे, खालच्या बाजूला, ते गाडीला धरून नाही. इंजिनाचा एक ठोका आणि सांगाड्याचा त्याच्यामागून दुसरा. दोन पडतायत. बघ."

दीपक खाली वाकला. बऱ्याच वेळाने तो उठला तेव्हा त्याच्या तळहातावर एक नट होता. इंजिन सांगाड्याला पुढून बांधून ठेवणाऱ्या बोल्टाचा नट, शेवटच्या आट्यावर लोंबकळत असलेला. पाना लागलाच नाही, बोटांनी निघून आला होता. बसवताना नीट आवळायचा राहिला असावा. एवढ्या लांबून, सगळी वळणं उतरत तो तसाच आला होता आणि संध्याकाळी तसाच, मागे बायकोला वाटेतल्या माहेरून घेऊन, घाटाच्या तोंडाशी असलेल्या अलोऱ्यापर्यंत परत जाणार होता.

दीपक पायरीवर बसला. काकू त्याच्या पुढ्यात घावण्यांची ताटली ठेवून गेल्या.

खाताना काकांनी सांगितलं ते असं. अठ्ठावीस वर्षं ते जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. आधी तेल घालायला, नंतर फिटर. त्या काळी कानांना काही लावायची पद्धत नव्हती. खाली एवढा गोंगाट की माणसं खुणांनीच बोलत. हळूहळू ते इंजिनावर हात ठेवून चालायला शिकले, कारण कानात सगळा एकच कल्लोळ असे आणि हाताला मात्र एकेक वेगळं कळे. कान जात होते तेव्हा जातायत हेच लक्षात आलं नाही. "सुट्टीवर यायचो, तर मला वाटायचं ही हल्ली हळू बोलते. म्हटलं, वयाने मवाळ झाली."

"आणि मी इकडे ओरडून ओरडून घसा बसवून घेतला," काकू म्हणाल्या. त्यांच्याकडे तोंड करून, मुद्दाम. काका हसले.

कायमचे घरी आल्यावर मात्र कठीण गेलं. लग्नाकार्यात माणसं आधी बोलायची, मग मोठ्याने बोलायची, मग हसून पुढे जायची. "तुझ्या मंडळात सगळेच लिहून बोलतात," काका मला म्हणाले. "तिथे मी बहिरा नव्हतो."

मग दीपकने त्यांच्यासमोर येऊन विचारलं, "नाव काय ठेवायचं याचं?"

काकांनी दोन बोटांनी त्याच्या पाठीवर थाप द्यायला सुरुवात केली. एक, मग थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. लहान मुलाला झोपवताना देतात तशी. "हे ठोकत नाही, थोपटतं. थोपटणी म्हण."

गोष्ट इथेच गोड झाली असती. पण माणसं परत आली की बोलतात, आणि दोन दिवसांत मंडळावर कोणीतरी लिहिलंच: बहिऱ्या माणसाकडून आपण आवाजाची नावं घेतली का? नियम सगळ्यांना सारखा हवा, त्यांची सगळी नावं रद्द करा. लिहिणारा दुष्ट नव्हता. नियम आमचाच होता, मी स्वतः चिकटवलेला. त्याखाली खोलातल्याची एकच ओळ आली. "बरोबर आहे. माझी नावं काढून टाका." त्यानंतर तो दिसेनासा झाला.

त्या दुपारी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी त्यांचं तीन वर्षांतलं सगळं लिखाण पहिल्यापासून वाचलं. कुठेतरी 'ऐकलं' असं लिहिलेलं सापडेल, एखादा 'धडधडाट', एखादी 'घरघर' असेल, असं वाटत होतं. तसा एकही शब्द नव्हता. काटे होते, पाठ होती, दाणे होते, पीठ होतं. ओलं, जड, खरखरीत, मऊ होतं. या माणसाने एका अक्षराचीही लबाडी केली नव्हती. आवाज आम्हीच आमच्या कानांनी त्यात भरला होता. वीस वर्षं मी फळ्यावर 'आवाज म्हणजे कंपन' असं लिहून त्याखाली रेघ मारते. मुलांकडून पाठ करून घेते. पेपरात एक मार्क देते. आणि त्या वाक्याचा अर्थ जगणारा माणूस माझ्यापासून खाडीपलीकडे राहत होता. मला आधी माझी लाज वाटली, आणि मग त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठं असं काहीतरी वाटलं. विहिरीत वाकून बघावं आणि तळ दिसू नये, तसं.

मी उत्तर लिहायला बसले, पण माझ्याआधी दीपकने लिहिलं होतं. तो मोजकं लिहिणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने सगळं लिहिलं. पावसच्या खळ्यात आपण काय बोललो ते, काकांनी काय केलं ते. नटाचा फोटो टाकला. "हे इंजिन मी पाच दिवस कान लावून ऐकत होतो," त्याने लिहिलं. "मला एकच ठोका ऐकू येत होता. त्यांच्या हाताला दोन लागले. ऐकण्याचा नियम मी सुचवला होता. तो मी मागे घेतो. यापुढे हात लावल्याशिवाय नाव नाही."

ज्याने तक्रार केली होती त्यानेच सगळ्यांत आधी होकार दिला. मी जुना नियम उतरवला, नवा चिकटवला आणि तो फोनवर उघडून पावसला गेले. काका पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन काकूंकडे दिला. काकूंनी चष्मा शोधला, वाचलं, आणि मला म्हणाल्या, "बाय, दोन दिवस जेवत नव्हते नीट." दसऱ्याच्या आदल्या दिवशी खोलातला पुन्हा मंडळावर दिसला. एका नवख्याला त्याने क्लचबद्दल उत्तर दिलं होतं, काही झालंच नाही अशा थाटात. थोपटणीला मतं मोजावी लागली नाहीत. दीपकने घरी हार घालताना टाकीवर खडूने ते नाव लिहिलं. आता शोरूममध्येही लोक त्याच नावाने ती गाडी विचारतात.

यंदा पुन्हा कातळ पिवळा झाला आणि या वेळी नवी गाडी मी घेतली. विजेवर चालणारी. तिला इंजिन म्हणावं की नाही यावरच मंडळावर चार दिवस वाद झाला. "बाई, तिला आवाज नाही की धडधड नाही. बारसं कशाचं करायचं?" दीपकलाही तसंच वाटत होतं. वीजघरातला माणूस, पण म्हणाला, "हिच्यात हाताला काय लागणार?"

गेल्या रविवारी ती आम्ही पावसला नेली. मागचं चाक स्टँडवर उचललं आणि मी मूठ अगदी थोडी फिरवली. चाक फिरू लागलं. मला टायरचा वारा तेवढा जाणवला. काकांनी मोटारीच्या वेष्टणावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. दीपक समोरून विचारत होता, "आहे का काही?" पण डोळे मिटलेल्या त्या माणसापर्यंत पोचायला आमच्यापैकी कोणालाही वाट नव्हती. आम्ही थांबलो. माडाची एक झावळी खरखरली आणि थांबली. काकूंच्या हातातल्या कपातली वाफ संपत आली.

"आहे," काका म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "जहाज बंदराला लागतं. मोठं इंजिन बंद करतात. सगळं थांबलंसं वाटतं. तेव्हा मी पोलादावर हात ठेवायचो. तळाला पाणी लागत असतं. तसं आहे."

मग त्यांनी माझं डावं मनगट धरून तो हात तिथे ठेवला. "दाबू नको. नुसता असू दे." आधी मला माझीच नाडी लागली. मी श्वास सावकाश केला. नाडीच्या खाली, खूप खाली, काहीतरी होतं. इतकं बारीक की त्याच्याकडे लक्ष गेलं की ते नाहीसं होई, आणि सोडून दिलं की परत येई. मी दीपककडे बघितलं तर तो गुडघ्यांवर बसून पलीकडून हात टेकवत होता.

काकूंनी कप पायरीवर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या इंजिनांना कधी बोट लावलं नव्हतं. पदराला हात पुसून त्या आल्या, वाकल्या, आणि आमच्या हातांमध्ये जागा करून त्यांनी आपला तळहात ठेवला. काका त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. बराच वेळ ते ओठ हलले नाहीत.

"लागलं हो," काकू म्हणाल्या.